नदीतले कमळ आणि समीक्षेचे तळे

वांद्रे पूर्वेच्या कलानगर परिसरात ‘साहित्य सहवास’ ही लेखकांची वसाहत आहे. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ, य. दि. फडके यांच्यासारखे लेखक-अभ्यासक तेथे राहिले. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन निघालेली ही जेमतेम अठरा किलोमीटरांची नदी. तिच्या नावात हिंदी कानाला गोडवा ऐकू येतो आणि मराठी कानाला मीठ. वांद्र्यापाशी मराठी कान खरा ठरतो. या नदीत कमळ उगवत नाही. राजशेखराला विचारले, तर मात्र ते उगवायला काही हरकत नाही.

दहाव्या शतकाच्या प्रारंभीच्या ‘काव्यमीमांसे’त राजशेखराने कविसमयांची जी व्यवस्था लावली, तीत नसलेल्या गोष्टीचे वर्णन करण्याचे उदाहरण म्हणून नदीतले कमळ येते. कमळाला संथ पाणी लागते, वाहत्या पात्रात ते टिकत नाही, हे राजशेखराला ठाऊक होते. ठाऊक नसते तर त्याने ते ‘असत्’ या वर्गात घातलेच नसते. म्हणजे काव्यातले नदीकमळ ही एक कल्पित जलवनस्पती आहे, आणि ती कल्पित असल्याची पुरेपूर जाणीव ठेवून शास्त्रकाराने तिला कवींच्या राज्यात प्रवेश दिला आहे. दुसरी कल्पित जलवनस्पती नैयायिकांची. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त आश्रयासिद्ध हेत्वाभासाचे उदाहरण म्हणून गगनारविंद येते. आकाशातले कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, तळ्यातल्या कमळासारखे, असे कोणी म्हटले तर त्याचे अनुमान कोसळते. ज्याच्याविषयी बोलायचे तो पक्षच अस्तित्वात नाही.

मराठी समीक्षेने कल्पित सजीवांच्या बाबतीत आजवर या दोन कमळांपलीकडे पाहिलेले नाही, हा येथे आक्षेप आहे. कथा-कादंबरीत एखादी अस्तित्वात नसलेली वनस्पती अवतरली की समीक्षक एक तर नैयायिकाची भूमिका घेतो आणि ‘हे गगनारविंद आहे, याची चर्चा ती काय करायची’ असे म्हणून लेखनाला बालवाङ्मयाच्या किंवा मनोरंजनाच्या कप्प्यात टाकतो; नाही तर तो अलंकारशास्त्री होतो आणि वनस्पतीला कशाचे तरी प्रतीक ठरवतो. वेलीने घर वेढले म्हणजे ते मध्यमवर्गाचे कुंठित मन, शेवाळाने तळे भरले म्हणजे ती सत्तेची सडलेली व्यवस्था. ही पुरातन अन्योक्तीच होय. झाडाशी बोलायचे आणि माणसाला ऐकवायचे. अन्योक्ती हा दर्जेदार प्रकार आहे, याविषयी वाद नाही. परंतु प्रत्येक झाड अन्योक्तीसाठीच उगवलेले असते, हा समज वाचनाची सोय आहे, वाचन नव्हे.

यात राजशेखरावरही अन्याय होतो. कविसमय म्हणजे ‘संकेत’, असे एका शब्दाचे भाषांतर पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले. पण राजशेखराने दिलेली उपपत्ती त्याहून बरीच धाडसी आहे. त्याचे म्हणणे असे की पूर्वसूरींनी वेद आणि शास्त्रे अवगाहून, देशांतरे आणि द्वीपांतरे हिंडून जे अर्थ पाहिले ते रचले; देश आणि काळ बदलल्यामुळे वस्तू आता निराळी झाली असली, तरी तिची रचना पूर्वीप्रमाणेच करणे म्हणजे कविसमय. या उपपत्तीचा ऐतिहासिक खरेपणा बाजूला ठेवावा. तिची तार्किक घडण पाहावी. वस्तू ‘असत्’ आहे ती या देशात, या काळात. दुसऱ्या देशकाळात ती असू शकते. नदीतल्या कमळाला राजशेखर आकाशात ठेवत नाही, दुसऱ्या नदीत ठेवतो. गगनारविंद आणि नदीकमळ यांतला हा भेद साहित्यशास्त्राच्या दृष्टीने मूलभूत आहे, आणि मराठी समीक्षेने तो पुसून टाकला आहे.

देशकालांतराच्या या दारातूनच आधुनिक काळातला एक लेखनप्रकार आत येतो. त्याला ‘कल्पित उत्क्रांती’ म्हणता येईल. गेरोल्फ श्टायनर या प्राणिशास्त्रज्ञाने १९६१ साली हाराल्ड श्ट्युम्पके या टोपणनावाने नाकावर चालणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या एका गणावर जर्मन भाषेत गंभीर चेहऱ्याचा प्रबंध प्रसिद्ध केला. डूगल डिक्सनने १९८१ साली माणूस नाहीसा झाल्यानंतरच्या पाच कोटी वर्षांचे प्राणिशास्त्र लिहिले. या ग्रंथांत नायक नाही, संघर्ष नाही, रूढ अर्थाने कथानक नाही. आहे ती केवळ एक अट. जीव कल्पित असेल, पण त्याच्यावर लादलेली परिस्थिती कल्पनेच्या मर्जीने सैल करता येणार नाही. लिओ लिओनीचे १९७६ सालचे ‘समांतर वनस्पतिशास्त्र’ याच्या शेजारी ठेवून पाहावे. त्याच्या वनस्पती द्रव्याच्या आणि काळाच्या बाहेरच्या, स्पर्श करताच विरून जाणाऱ्या आहेत. पुस्तक देखणे आहे, विनोद तर अप्रतिम. पण ती अस्सल गगनारविंदे आहेत. त्यांना मुळे आहेत ती चित्रापुरती, तहान नाही. कल्पित उत्क्रांतीतल्या वनस्पतीला तहान असते, आणि तहानेतून तिचे रूप ठरते. (या प्रकारातले लेखक प्राण्यांतच अधिक रमले आणि वनस्पती त्यांच्याही लेखनात पुष्कळदा पडद्यासारखी मागे टांगलेली राहिली, हा दोष त्यांच्या पदरी घालावाच लागेल.)

हा भेद प्रत्यक्ष वापरून पाहिल्याखेरीज पटणार नाही. तेव्हा राजशेखराचे कमळ त्याच्याच अटीवर वांद्र्याच्या खाडीमुखाशी लावून पाहावे. काही लक्ष वर्षांचा काळ द्यावा आणि परिस्थिती मात्र तीच ठेवावी: दिवसातून दोनदा भरती, उधाणाच्या दिवशी साडेचार मीटरांच्या वर जाणारे पाणी, आठ महिने खारट आणि पावसाळ्यात गोड्या पाण्याचा गढूळ लोंढा, खाली प्राणवायू नसलेला काळा चिखल.

कमळाचे पान गोल असते, देठ त्याच्या मध्याला जोडलेला असतो आणि पान पाण्याच्या वर छत्रीसारखे उभे असते. त्याची श्वासरंध्रे पानाच्या वरच्या बाजूला असतात. तेथून आत गेलेली हवा देठातल्या पोकळ नळ्यांतून चिखलातल्या खोडापर्यंत पोहोचते. भाजीसाठी कमळकाकडी चिरणाऱ्याला या नळ्या परिचित आहेत. संथ तळ्यात ही रचना निर्दोष. खाडीत ती पहिल्याच भरतीला बुडते. वरची बाजू गाळाच्या पाण्याखाली गेली की श्वास कोंडतो, आणि प्रवाहात आडवे धरलेले गोल पान शिडासारखे ताणले जाऊन फाटते. म्हणून खाडीच्या कमळाला एक तर पान मिटून घेता आले पाहिजे किंवा ते फितीसारखे अरुंद झाले पाहिजे. बुडालेल्या तासांसाठी हवा साठवणारे देठ जाड, फुगीर होतील. मग मिठाचा प्रश्न येतो. तिवराप्रमाणे पानावाटे मीठ बाहेर टाकायचे ठरवले, तर पानावर मिठाचे कण साचणार, ते हवेतला ओलावा ओढणार, आणि ज्या पानावरून पाण्याचा थेंब न चिकटता ओघळतो, ज्याच्यामुळे भारतीय परंपरेत कमलपत्र हे निर्लेपतेचे प्रतिमान झाले, ते पान ओले होणार. खाऱ्या नदीत निर्लेप राहणे परवडत नाही.

बीजाचे तर याहून कठीण. कमळाचे बी कठीण कवचाचे आणि अतिशय चिवट असते. चीनमधल्या एका कोरड्या तलावाच्या तळातून मिळालेले सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे बी विसाव्या शतकात रुजले. हजार वर्षे वाट पाहण्याची ही क्षमता तळ्याचा तळ स्थिर असेल तर उपयोगाची. खाडीत बी पडले की ओहोटीबरोबर समुद्रात जाते. कांदळाने यावर काढलेला मार्ग ठाऊक आहे. त्याचे बी झाडावरच रुजते आणि हातभर लांब कोंब घेऊनच खाली पडते. खाडीच्या कमळालाही तेच करावे लागेल. म्हणजे हजार वर्षांचे धैर्य सोडून त्याला काही दिवसांची घाई पत्करावी लागेल. तरीही भोकाभोकांचे बीजकोश काही पिढ्या तसेच राहतील, आतले काम बदलले तरी. जुन्या घराचे आराखडे लगेच पुसले जात नाहीत.

या प्रयोगाच्या शेवटी हाती जे उरते ते कमळासारखे दिसत नाही. निसर्गात याची साक्ष आहे. सह्याद्रीतल्या खळाळत्या ओढ्यांत, कातळाला घट्ट चिकटून, पोडोस्टेमेसी कुळातल्या सपुष्प वनस्पती वाढतात. मूळ, खोड आणि पान हा भेद त्यांच्यात इतका विरला आहे की प्रथमदर्शनी त्या शेवाळ किंवा दगडफूल वाटतात. पाऊस ओसरून कातळ उघडा पडला की त्या फुलतात. वाहत्या पाण्यातले खरे फूल हे असे आहे. कवीने नदीत कमळ ठेवले आणि ते कमळच राहिले; कारण त्या नदीला प्रवाह नव्हता. प्रवाह दिला की प्रतिमा मोडते.

येथे समीक्षकाच्या पुढे जे येते ते विज्ञानाचे कौतुक नव्हे. परंपरेने हाती दिलेले एक प्रतिमान, निर्लेपता, शुचिता, चिखलातले सौंदर्य, परिस्थितीच्या कसोटीला लावताच कसे बदलते, कशाचा त्याग करते आणि कशाचे अवशेष बाळगते, याचा हा आलेख आहे. हे साहित्याचेच कार्य आहे. प्रतीकवादी वाचन याच्या बरोबर उलट दिशेने चालते. ते खाडीतल्या विचित्र वनस्पतीला पुन्हा कमळ करते, कारण त्याला अर्थ आधीच ठाऊक असतो. तोदोरोव्हने १९७० साली अद्‌भुताची मीमांसा करताना रूपकात्मक वाचन आणि ‘काव्यात्म’ वाचन ही दोन्ही अद्‌भुताला मारक ठरतात, असे दाखवून दिले होते. मराठीत तोदोरोव्ह आला, कथनमीमांसेच्या परिभाषेसाठी राबवला गेला. हा मुद्दा मात्र सीमेवरच अडवला गेला.

यावर एक वजनदार आक्षेप संभवतो. वैज्ञानिक अचूकता हे सौंदर्यमूल्य नाही. ॲरिस्टॉटलनेच सांगितले आहे की हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा दोष लहान, ती ओळखू न येईल अशी काढणे हा दोष मोठा. मग खाडीच्या कमळाची श्वासरंध्रे कोणत्या बाजूला आहेत, याची चौकशी समीक्षकाने का करावी? आक्षेप योग्य आहे. तो येथे लागू मात्र होत नाही. हरिणी अस्तित्वात आहे, तिच्याशी चित्र ताडून पाहता येते. खाडीचे कमळ नाहीच, तेव्हा अचूकतेचा प्रश्न उद्‌भवत नाही. प्रश्न आहे तो सुसंगतीचा, आणि ही सुसंगती केवळ कृतीच्या अंतर्गतही नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचाराची मांडणी केली. कल्पित उत्क्रांतीतली वनस्पती दोन्ही ध्रुवांना गैरसोयीची आहे. लौकिकात ती सापडत नाही. पण मीठ, गुरुत्व, प्राणवायू यांचे लौकिक नियम तिला चुकवता येत नाहीत, म्हणून ती स्वायत्त अलौकिकही नाही. अशी वस्तू समोर आल्यावर सिद्धान्ताने आपली मांडणी तपासावी, ही अपेक्षा वाजवी होती. प्रत्यक्षात वस्तूच दाराबाहेर ठेवण्यात आली.

वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीतली दोन पांढरी फुले याचे बोलके उदाहरण आहेत. भविष्यातून परतलेल्या प्रवाशाच्या खिशात ती असतात. समीक्षा त्यांना मानवी कोमलतेचे प्रतीक मानते. कादंबरीच्या उपसंहारात तशी सूचनाही आहे. परंतु त्याआधी कथेतला डॉक्टर ती फुले हातात घेतो, जायांगाची चमत्कारिक रचना पाहतो आणि त्यांचे कुळ ओळखता येत नाही असे कबूल करतो. प्रतीक होण्यापूर्वी ती फुले पुरावा असतात. जायांग वगळून कोमलता वाचणारा वाचक अर्धीच कादंबरी वाचतो.

मराठी विज्ञानकथेच्या पाठीराख्यांकडून या बाबतीत अधिक अपेक्षा होती. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. तिच्या १९७४ सालच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. नारळीकरांच्या लेखणीने या प्रकाराला प्रतिष्ठा दिली, २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. २०२५ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या कथालेखनाचा गौरव सर्वत्र झाला. त्या गौरवात एक जुनीच कसोटी पुन्हा पुन्हा ऐकू आली: विज्ञान काढून घेतले तर जी कथा कोसळते ती विज्ञानकथा. कसोटी उपयुक्त आहे, पण ती इमारतीची कसोटी आहे. खांब काढला, छत पडले. सजीव असा कोसळत नाही. त्याचा एक अवयव निकामी झाला तरी तो लंगडत, वळण घेत, निराळा होऊन जगतो. म्हणूनच खगोल, यंत्र आणि संगणक यांच्या कथा मराठीत जोमाने लिहिल्या गेल्या आणि परिस्थितीच्या दाबाखाली हळूहळू रूप बदलणाऱ्या जीवाची कथा, सन्मान्य अपवाद सोडता, लिहिली गेली नाही. समीक्षेने मान्य केलेल्या कसोटीत ती बसतच नव्हती.

विशेष म्हणजे मराठी समीक्षेचा सर्वांत लाडका शब्द वनस्पतीकडूनच आला आहे. ‘सेंद्रिय एकात्मता’. कलाकृतीतला प्रत्येक घटक अपरिहार्य, प्रत्येकाचा प्रत्येकाशी जैव संबंध. हे रूपक जर्मन स्वच्छंदतावाद्यांकडून कोलरिजकडे आणि तेथून इंग्रजी विभागांच्या मार्गाने मराठीत आले. मर्ढेकरांच्या लयविचाराशी, संवाद-विरोध-समतोलाशी, त्याचा सांधा सहज जुळला. पण ही वनस्पती कोणती? जिच्यात अनावश्यक असे काहीच नाही, जिच्या अंगावर भूतकाळाचा एकही व्रण नाही, अशी वनस्पती पृथ्वीवर आजवर उगवलेली नाही. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालचा. समीक्षेचे रूपक त्यापूर्वीचे आणि तेथेच थांबलेले. सजीवाची एकात्मता ही तडजोडींची, उसनवारीची, अर्धवट मोडून पुन्हा उभारलेल्या भागांची असते. एवंच, कल्पित वनस्पतीला तुच्छ लेखणारी समीक्षा स्वतः एका कल्पित वनस्पतीवर उभी आहे, आणि तीही तहान नसलेल्या.

गटेने हे अधिक चांगले जाणले होते. १७८७ साली नेपल्सहून लिहिलेल्या पत्रात तो आपल्या ‘आद्यवनस्पती’ची कल्पना मांडतो आणि म्हणतो की तिची किल्ली हाती आली की अगणित नव्या वनस्पती रचता येतील, त्या अस्तित्वात नसल्या तरी असू शकतील, त्या निव्वळ चित्रकाराच्या किंवा कवीच्या छाया नसतील, त्यांना आंतरिक अपरिहार्यता असेल. गटेचे वनस्पतिशास्त्र कालबाह्य झाले. ‘छाया’ आणि ‘असू शकणारी वस्तू’ यांत त्याने केलेला फरक मात्र राजशेखराच्या देशकालांतराइतकाच ताजा आहे.

आणखी एक गोष्ट वर्गीकरणाची आहे. कमळ आणि कुमुद यांना कवी एकाच तळ्यात शेजारी बसवतात, आणि दिसायलाही ती बहिणी वाटतात. आजचे वनस्पतिशास्त्र कमळाला चिनार वृक्षाच्या जवळ नेते आणि कुमुदाला फार दूर ठेवते. सारखेपणा पाण्याने घडवला, वंशाने नव्हे. खारफुटीचेही तसेच. तिवर, कांदळ आणि चिप्पी ही तीन निरनिराळ्या कुळांची झाडे. एकाच चिखलाने त्यांना एका नावाखाली आणले. वाङ्मयप्रकारांची चर्चा मराठीत अजून वंशावळीच्या भाषेत चालते. ही कथा त्या कथेची वारस, हा प्रवाह त्या प्रवाहाची शाखा. एकाच परिस्थितीने निर्वंश नात्यांचे लेखन सारखे केले असेल ही शक्यता तपासायला तिच्याजवळ शब्द नाही. देशीवादाच्या चर्चेतही ‘मुळे’ हा शब्द आला की ती जमिनीत खाली जाणारी मुळे असतात. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर, हवेत येतात.

ती वांद्र्यात पाहता येतात: पश्चिमेला कार्टर रोडच्या किनाऱ्याशी, पूर्वेला मिठीच्या काठी. जेथे आज वांद्रे-कुर्ला संकुल आहे तेथे दलदल होती. १९७७ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे त्या भागाचे नियोजन आले, भराव पडत गेले, नदीचे पात्र आवळत गेले. हे सारे साहित्य सहवासाच्या शेजारी घडत असताना मराठीत अलौकिकतेवर, जाणिवेवर, प्रतिमेच्या अनेकार्थतेवर गंभीर लेखन होत होते, आणि ते लेखन महत्त्वाचेही आहे. त्यात तिवराचे पान नाही, याचा दोष कोणा एका लेखकाला देणे अनुचित ठरेल. ज्या वाचनपद्धतीला झाड दिसताच त्याच्या पलीकडचा माणूस दिसतो, तिला झाड दिसण्याचे कारणच उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी पात्राबाहेर आली आणि कलानगरात पाणी शिरले. तेव्हाही मराठीत पुराची रूपके पुष्कळ झाली.

२०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केले. तिचे फूल रात्री उमलते, वटवाघळे त्यावर येतात, आणि सकाळी झाडाखालच्या चिखलात पुंकेसरांचा पांढरा सडा पडलेला असतो. विद्यापीठांच्या मराठी विभागांत हे फूल कोणत्या प्रश्नपत्रिकेत बसेल?